सत्तर हजार मैलांचं तिकीट

४ ऑगस्ट

आज ऑफिसात सगळ्यांदेखत माझी शोभा झाली. आमची तिकीटबाई, म्हणजे दौऱ्यावर जाणाऱ्यांची विमानाची तिकिटं काढते ती, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "काका, मेंबर नंबर सांगा तुमचा."

म्हटलं, कसला नंबर?

"अहो, विमान कंपनीचा. प्रत्येक प्रवासाचे मैल जमा होतात ना! मार्चपासून अकरा वेळा उडालात तुम्ही. ते सगळे मैल गेले कुठे?"

गेले कुठे म्हणजे? हवेत गेले. उडाल्याबद्दल कुणी काही देतं हे मला काय ठाऊक! मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून बसतो आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत श्वाससुद्धा अर्धाच घेतो. एकतीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यांतले वजनकाटे तपासतोय. एक मिलिग्रॅम इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. आणि अकरा प्रवासांचे मैल सांडून आलो, तेही चहा पीत.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, "जाऊ द्या ना, तुम्ही काय विमान विकत घेणार होतात?" हिला कशाचंच काही वाटत नाही.

९ ऑगस्ट

मेंबर झालो. तिकीटबाईनेच नाव घातलं. ती स्वतः आयुष्यात दोनदा उडाली आहे, पण खात्यात दीड लाख मैल. सगळे कार्डावर किराणा घेऊन जमवलेले. मलाही तसलं कार्ड काढायला लावलं. पहिल्या खरेदीवर पंधरा हजार मैल भेट. नियमांची बेचाळीस पानं छापून घेतली आणि आठवडाभर वाचतोय. हलक्या दराच्या तिकिटावर मैल मिळत नाहीत. तीस वेळा उडालं की चांदीचा दर्जा, म्हणजे सिल्व्हर. त्यात सव्वापट मैल, तेही त्याच दिवशी जमा, आणि वेगळी रांग. पण त्या तीस फेऱ्या डिसेंबरच्या एकतीस तारखेच्या आत व्हायला हव्यात. एक जानेवारीला पाटी कोरी.

आता खरं कारण. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने कुणाला सांगणार नाही.

आमची कन्या समुद्रापलीकडे असते. फेब्रुवारीच्या दहा तारखेला बाळंत होणार. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून तिने त्या वाद्यं जुळवणाऱ्याशी लग्न केलं. पियानोच्या तारा पिळतो तो, आणि त्याही यंत्राशिवाय, कानाने! मी विचारलं होतं, चूक किती ते कसं कळतं तुला? तर हसून म्हणाला, "ऐकू येतं." ऐकू येतं म्हणे. त्याच रागात मी तिला म्हणालो होतो, "तुझ्या त्या घरी यायला माझ्या खिशातून एक छदाम सुटणार नाही." घरातले सगळे होते तिथे. शब्द दिला म्हणजे दिला. मी काट्यावर शिक्का मारतो तो पुसत नाही.

पण मैल म्हणजे पैसे नव्हेत. नियमांच्या सातव्या पानावर कंपनीनेच स्वच्छ लिहिलंय की मैलांना रोख किंमत नाही. मी आणि ही, दोघांचं जाऊन-येऊन तिकीट सत्तर हजार मैल. एवढे जमले की खिशातून काही न सुटता मी तिथे उभा. शब्द शाबूत, आणि नातवंडही बघता येईल.

फेब्रुवारीपर्यंत जमतील का?

३१ ऑगस्ट

मागच्या दौऱ्याचे चौदाशे मैल चार दिवस झाले तरी जमा नव्हते. तीनदा फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, दहा दिवस लागू शकतात." लागू शकतात म्हणजे काय? लागतात की लागत नाहीत? आज जमा झाले. खात्याचं पान सकाळ-दुपार-संध्याकाळ उघडून बघतो. ही म्हणते औषध घेतल्यासारखं करता तुम्ही.

रविवार होता. कन्येचा फोन आला. ही बोलत होती, मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होतो. हिने फोन पुढे केला, पण माझे हात ओले होते.

२१ सप्टेंबर

तीस हजार चारशे. वहीतला आणि खात्यातला आकडा जुळतो.

आज विमानतळावर तपासणीच्या ठिकाणी नव्या गड्याने माझी पेटी उघडली आणि आतलं एक किलोचं प्रमाण वजन चक्क उघड्या बोटांनी उचललं. मी ओरडलो. हातमोजा घातल्याशिवाय त्या वजनांना मी स्वतःसुद्धा कधी शिवलेलो नाही. लहान वजनं तर चिमट्यानेच धरायची. बोटाचा घाम लागला की वजन बदलतं, आणि ते बदललं की त्याच्यावर तपासलेला प्रत्येक काटा खोटा. हे सगळं त्याला रांग थांबवून समजावलं. तो म्हणाला, "काका, सोनं आहे का?" डोंबलाचं सोनं! या गडबडीत विमान चुकता चुकता राहिलं. विमान चुकतं तर मैल गेले असते, हा विचार आधी आला आणि कारखान्याचा नंतर. हे काही बरं लक्षण नाही.

बाल्कनीतलं डाव्या कोपऱ्यातलं झाड मुळाशी कुजायला लागलंय. इतकं पाणी घालतो, तरी का ते कळत नाही.

१३ ऑक्टोबर

गडबड झाली आहे. वहीत चाळीस हजार दोनशे. खात्यात अठ्ठेचाळीस हजार दोनशे. "इतर जमा: ८,०००" अशी एकच ओळ. कुठला प्रवास नाही, खरेदी नाही, काही नाही.

चार वेळा बेरीज केली. चूक माझी नाही.

तिकीटबाईला दाखवलं. ती म्हणाली, "काका, गप्प बसा. आले तर आले." असं कसं गप्प बसायचं? चौतिसाव्या पानावर लिहिलंय की चुकीने जमा झालेले मैल वापरले तर खातं बंद होऊ शकतं. खातं बंद म्हणजे माझे घामाचे चाळीस हजारही गेले. ऐन जानेवारीत तिकीट काढायला बसलो आणि त्यांनी खातंच गोठवलं तर? कुणा बिचाऱ्याचे मैल चुकून माझ्याकडे आले असतील, तोही वही घेऊन बसला असेल माझ्यासारखा.

घरी आलो तर हीच विचारते, "काय हो, मैलांचं काय? काही वाढलेबिढले का?" कधी नव्हे ती चौकशी. म्हटलं, जेवढे वाढायचे तेवढेच वाढले. चुकीची भानगड हिच्या डोक्याला कशाला?

२० ऑक्टोबर

सुटलो एकदाचा. फोनवर ती मुलगी दोनदा म्हणाली, "सर, आलेत तर राहू द्या ना." मी म्हटलं, बाई, माझे नाहीत ते मला नकोत, लेखी घ्या. पत्र धाडलं. आज उत्तर आलं, "आपल्या विनंतीनुसार ८,००० मैल परत करण्यात आले आहेत." वही आणि खातं पुन्हा जुळलं. आठवड्यानंतर आज नीट जेवलो.

जेवताना हिला हौसेने सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, असा नवरा शोधून सापडणार नाही. तर हातातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"परत केलेत?"

"लेखी."

"कुणाचे होते ते विचारलं नाहीत?"

"कुणाचे का असेनात! माझे नव्हते ना?"

ही ताट उचलून आत गेली. भांडी जरा आपटलीच. बालवाडीत दिवसभर पोरं हिचं डोकं खातात, त्याचा राग माझ्यावर निघतो.

२६ ऑक्टोबर

रविवार. कन्येचा फोन नाही.

९ नोव्हेंबर

आजही नाही. म्हणजे हिला येतो, पण ही आतल्या खोलीत जाऊन बोलते, दार लोटून. मी झारी हातात घेऊन बाल्कनीत उभा राहिलो, तर आज कुणी फोन पुढे केला नाही.

विचारलं, सगळं ठीक आहे ना? ही म्हणाली, "ठीक आहे. दमते ती." मग जरा थांबून, "तुम्हीच करा की एखादा फोन."

मी म्हटलं, तिकीट हातात पडू दे. मग थेट तारीखच सांगतो. सत्तर हजार होण्याआधी फोन करून काय बोलू? येतो म्हणू, आणि मैल कमी पडले तर? ही उठून आत गेली. हल्ली काही बोलतच नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाचं टेन्शन घेतलं असणार.

दोघांचे व्हिसा मात्र आले. ते मी वेळेत केले.

२० डिसेंबर

सव्वीस फेऱ्या. तीसला चार कमी, आणि वर्षअखेर म्हणून कारखाने बंद. दौरा नाही. साहेबांना विचारलं, कुठला काटा अडलाय का? साहेब म्हणाले, घरी बसा, सुट्टी घ्या. सुट्टी घेऊन काय करू? सिल्व्हर हुकलं तर सव्वापटही गेली आणि पाच हजारांची भेटही.

तिकीटबाईने उपाय सांगितला. नुसतंच जायचं आणि त्याच विमानाने परत यायचं. असे लोक असतात म्हणे. दोन दिवसांत चार फेऱ्या.

२३ डिसेंबर

केलं. काल दोन, आज दोन. त्या गावी विमानतळाबाहेर पाऊलही टाकलं नाही. एका बाकावर बसलो, कॉफी घेतली, परत रांगेत. विमानातली बाई तीच होती. म्हणाली, "विसरलात का काही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पैसे माझेच गेले. हिने पावती बघितली आणि म्हणाली, "एवढ्यात एकाचं तिकडचं तिकीट जवळजवळ आलं असतं."

मी समजावलं. मी जे बोललो होतो ते तिकडे यायच्या खर्चाबद्दल. हे पैसे तिकडे जायचे नव्हेत, हे इकडून इकडेच गेले.

"हो का?" ही म्हणाली.

कधी कधी माझं मलाच ते नीट पटत नाही. पण वहीत लिहिलं की पटतं.

२ जानेवारी

सिल्व्हर. कार्ड यायचंय, पण खात्यात नावापुढे लागलंय. तिकीटबाईने ऑफिसात टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत टिकलं.

११ जानेवारी

अडुसष्ट हजार तीनशे. सतराशे कमी!

तीन फेब्रुवारीच्या विमानात मैलांवरच्या दोनच जागा दिसतायत. सकाळीही दोन होत्या, आत्ताही दोन आहेत. उद्या असतील का? जीव टांगणीला लागलाय. ऑफिसचा दौरा महिनाअखेरीस. तोवर कुणी उचलल्या तर पुढच्या जागा थेट मार्चात.

ही शेजारी बसून बालवाडीची चित्रं कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "ते आठ हजार असते तर आज तिकीट झालं असतं."

"दुसऱ्याचे होते ते."

"हो," ही म्हणाली. "दुसऱ्याचेच."

कात्री खाली ठेवून डोळे पुसले हिने. मी म्हटलं, अगं, सतराशेच तर कमी आहेत, रडायचं काय त्यात? शनिवारी जाऊन येतो. जवळचंच गाव, जाऊन-येऊन अठराशे. सत्तर हजार शंभर होतील.

१७ जानेवारी

काय लिहू आणि कसं लिहू!

सकाळी निघालो. गेलो, बसलो, आलो. विमानात फोन बंद ठेवतात, मी तर घरातून निघतानाच बंद करतो. उगाच विसरायला नको. येताना फार बरं वाटत होतं. पहिल्यांदाच खुर्चीचा दांडा एकाच हाताने धरला.

उतरल्यावर फोन सुरू केला. हिचे चौदा फोन.

घरी पोचलो तर दारात बॅग भरलेली. ही चपला घालत होती.

"पोरगी काल दुपारपासून हॉस्पिटलात आहे. रक्तदाब वाढला. सकाळी बाळ काढावं लागलं. मुलगी झाली."

"ती कशी आहे?"

"शुद्धीवर नव्हती. जावई फोनवर रडत होते. तुम्हाला सकाळपासून फोन करतेय मी, आणि तुम्ही होतात कुठे? आकाशात! कुठेही न जाता!"

म्हटलं, थांब, मैल झाले, आत्ता तिकीट काढतो. आणि उभ्या उभ्या फोनवर जागा बघायला लागलो. मला लाज कशी वाटली नाही कोण जाणे. आजच्या, उद्याच्या, परवाच्या, एकही मैलांवरची जागा नाही. तीन फेब्रुवारीच्याही गेल्या होत्या.

"माझं मी काढलंय," ही म्हणाली. "माझ्या पगारातलं. साडेचारचं विमान आहे. एकच जागा होती."

गाडी आली. तिची बॅग मी खाली नेली. गाडीत बसताना हिने काच खाली केली आणि सगळं एका दमात बोलली. "तिने शपथ घातली होती म्हणून गप्प होते. ते आठ हजार तिचे होते. आजवरच्या प्रवासांत तिने जमवलेले, सगळेच्या सगळे. तुमचे मैल कमी पडतायत हे मीच तिला बोलले होते. ती म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस, आपोआप आले असं वाटू दे, म्हणजे त्यांचा शब्दही राहील. आणि तुम्ही लेखी परत केलेत. तिला पत्र आलं, ज्यांना पाठवले त्यांना नको आहेत म्हणून. दोन दिवस जेवली नाही पोर. म्हणाली, बाबांना माझ्याकडून काहीच नकोय."

गाडी निघाली.

आता चार वाजून दहा मिनिटं. खात्यात सत्तर हजार शंभर.

तेव्हा सांगायला हवं होतं हिने. नाही, विचारायला हवं होतं मी. फोनवरची ती मुलगी दोनदा म्हणाली होती राहू द्या म्हणून.

१८ जानेवारी, सकाळ

हिचा निरोप: पोचले. शुद्धीवर आली आहे. बाळ काचेच्या पेटीत आहे, पण बरं आहे.

बसून राहिलो. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला.

मग हिच्याच फोनवरून आवाजातला एक निरोप आला. तिचा. खूप बारीक, थांबत थांबत. "बाबा, दोन किलो एकशे चाळीस म्हणतायत. इथला काटा कधी तपासलाय कोण जाणे."

एवढंच. तीन वर्षांत मला उद्देशून तिचं पहिलं वाक्य. नाही, असं कसं? दर रविवारी ती माझ्याशीच बोलायला फोन करत होती आणि मी झाडाला पाणी घालून मारत होतो.

सतरा वेळा ऐकलं. ती सहा वर्षांची असताना माझ्याबरोबर कारखान्यात यायची, माझे मोठे हातमोजे घालून गरगर फिरायची. भिंगरी म्हणायचो तिला. प्रत्येक दुकानात काट्यासमोर उभी राहून विचारायची, "बाबा, हा खरा आहे का?"

भिंगरी. लिहिलं एकदाचं.

१८ जानेवारी, दुपार

विमानतळावर आहे. आमच्या कंपनीच्या खिडकीवर गेलोच नाही. जी कंपनी सगळ्यात आधी निघते तिच्याकडे गेलो. शेवटची रांग, मधली खुर्ची, आणि किंमत अशी की एरवी मी तक्रार केली असती. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "कुठला मेंबर नंबर आहे का, सर? मैल जमा होतील." म्हटलं, नको.

पैसे मोजून दिले. माझ्या खिशातून.

तपासणीला पेटी उघडली. गडी तोच! मला ओळखून हात मागे घेतला आणि म्हणाला, "हातमोजा घालतो, काका." मग विचारलं, "आज कुठला कारखाना?"

"नात झाली आहे," मी म्हणालो. "तिथला काटा बघायचाय."

भीती वाटतेच आहे. विमानाची नाही. दारात उभा राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, त्याची. चार वाक्यं लिहिली आणि चारही खोडली.

२० जानेवारी

न्यायला जावई आला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. माझ्या हातातली पेटी घेऊ लागला, मी दिली. वाटेत म्हणाला, "बाळाचं रडणं अगदी सुरात आहे, बाबा." एरवी विचारलं असतं, कशावरून? आज म्हणालो, "तुम्हाला ऐकू आलं ना, मग असेलच."

तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि खरंच काही सुचलं नाही. ती पांढरीफटक पडली होती. ही खुर्चीवरून उठून बाजूला झाली.

भिंगरीने पेटीकडे बघितलं. "आणलीत?"

"आणली."

नर्सची परवानगी काढून आधी काटा तपासला. हातमोजे घालून दोन किलो ठेवले. काटा सहा ग्रॅम कमी दाखवतो. म्हणजे पोर सहा ग्रॅमने वजनदार आहे. हे सांगितलं तेव्हा भिंगरी हसली आणि टाके दुखले म्हणून कळवळली. मग नर्सने बाळ माझ्यापुढे धरलं. मी हातमोजे काढले. तळहात घामाने ओले होते, ते सदऱ्याला पुसले, आणि घेतलं. फार हलकं होतं. किती ते मला ठाऊक होतं, तरीही.

"मैल पुरले का?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता, चादरीकडे बघत.

"नाही," मी म्हणालो. "पैसे भरून आलो. ते आठ हजार तुझे होते हे मला माहीत नव्हतं गं. माहीत असतं तर..." बाळ हातात होतं, डोळे पुसायलाही येईना.

तिने चादरीची सुरकुती सरळ केली. मग हात पुढे करून म्हणाली, "पावती दाखवा."

माझीच पोर. बाळ हिच्याकडे दिलं आणि खिशातून पावती काढून दिली. तिने तारीख वाचली, रक्कम वाचली, शेवटी माझं नाव वाचलं. घडी घातली आणि उशीखाली सारली.

"ही माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत एकही पावती मी कुणाला दिलेली नाही. सगळ्या तारीखवार फायलीत आहेत. म्हटलं, राहू दे.